तुरीच्या ओळीत गांजा: सातबाऱ्यावर नाव ज्याचं, जेल फक्त त्याला का?

सातपुडा_पायथा
शिरपूर तालुक्यात गांजाच्या शेतीवर धाड पडल्याची बातमी आता कुणाला नवी वाटत नाही. बाहेरून तूर, कापूस नाहीतर मका आणि आत गांजाची झाडं. पोलीस झाडं उपटतात, ढीग लावतात, मुद्देमालाची लाखांतली किंमत पेपरात छापून येते. आणि अटक कोणाला? ज्याच्या नावावर वनपट्टा आहे त्या पावरा किंवा भिल शेतकऱ्याला, नाहीतर रखवालीला बसवलेल्या मजुराला. ज्यानं बी दिलं, उचल दिली आणि तयार माल गाडीत घालून नेणार होता, तो बातमीत असलाच तर ‘फरार’ म्हणून असतो.

आमच्याकडची डोंगराकडची जमीन हलकी आहे. कुठे मुरमाड, कुठे नाल्याकाठची रेताड. चार दिवस पाऊस उघडला की पिकं माना टाकतात. मध्यम धाग्याच्या कापसाला २०२४-२५ चा हमीभाव ७,१२१ रुपये क्विंटल होता, पण असल्या रानात एकरी क्विंटलच इतके कमी निघतात की भाव असून उपयोग नाही. अशा घरी कुणी रोख उचल घेऊन आला तर नाही म्हणायला फार मोठी छाती लागते. २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायची उघड परवानगी मागितली होती. कुठल्याच पिकाला भाव नाही, हे कारण त्यानं अर्जात लिहिलं होतं. परवानगी मिळाली नाही. पण त्याचा प्रश्न तरी कुठे सुटला?

माझं मत असं की महाराष्ट्रानं उत्तराखंडासारखे औद्योगिक हेंपचे, म्हणजे गांजाच्याच जातीच्या पण नशा जवळजवळ नसलेल्या झाडाचे, परवाने द्यावेत. त्या राज्यानं २०१८ पासून धागा आणि बियांसाठी लागवड सुरू केली, अट एवढीच की नशा आणणारा टीएचसी हा घटक ०.३ टक्क्यांच्या आत हवा. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातच कलम १० आणि १४ खाली सरकारला हा अधिकार आहे. चोरून लावण्यापेक्षा उघड लावलेलं काय वाईट?

कृषी_पदवीधर
दादा, शेतकऱ्याबद्दलची तुमची कळकळ पटते, उपाय पटत नाही. हेंप हलक्या जमिनीचं पीक आहे हा गैरसमज फार पसरलाय. त्याला निचरा हवा हे खरं, म्हणून लोकांना वाटतं रेताड रान चालेल. पण धाग्याचं चांगलं उत्पन्न खोल, पोयट्याच्या, सेंद्रिय कर्ब असलेल्या जमिनीतच येतं. रेताड जमिनीत पाणी टिकत नाही, दिलेलं नत्र पाण्याबरोबर खाली वाहून जातं. ज्या रानात तुमचा कापूस सुकतो, तिथे हेंपही सुकणार.

दुसरी अडचण दिवसाच्या लांबीची. हे झाड दिवस लहान झाला की फुलावर येतं. युरोपातले धाग्याचे वाण तिकडच्या उन्हाळ्यातल्या सोळा-सोळा तासांच्या दिवसावर वाढलेले असतात. आपल्याकडे जूनमध्येही दिवस तेरा-साडेतेरा तासांचा. ते वाण इथे गुडघ्या-मांडीएवढे असतानाच फुलतात, मग धागा कशाचा काढणार? आणि देशी बी घेतलं तर टीएचसी ०.३ च्या वर जायची भीती. तपासणीत नमुना वर गेला की अख्खं पीक नष्ट करायचं, खर्च शेतकऱ्याच्या बोकांडी. उत्तराखंडातही कमी टीएचसीचं खात्रीचं बियाणं मिळणं हीच मोठी अडचण ठरली. आधी इथल्या हवामानाचा वाण तयार होऊ द्या, परवान्याचं नंतर बघू.

परिचारिका_जळगाव
मी मनोविकार विभागात काम करते. सोळा-सतरा वर्षांची पोरं आई-बापांबरोबर येतात, रात्र-रात्र झोप नाही, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय म्हणून दाराला आतून कडी लावून बसलेली. कमी वयात रोजचा गांजा आणि असा आजार यांचा संबंध संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलाय. सामाजिक न्याय मंत्रालयानं एम्सकडून करून घेतलेल्या २०१९ च्या पाहणीत वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले ३ कोटी १० लाख लोक निघाले, आणि त्यातल्या सुमारे ७२ लाखांना त्यापायी उपचारांची गरज होती.

तुम्ही म्हणता हेंप वेगळं, गांजा वेगळा. शेताच्या बांधावरून जाणाऱ्या पोलीस पाटलाला ते वेगळं ओळखू येणार आहे का? दोन्ही एकाच जातीची झाडं. परवान्याच्या रानात आतल्या चार ओळी दुसऱ्या लावल्या तर कोण बघणार? गरिबी आहे म्हणून दुसऱ्याच्या लेकरांच्या डोक्याशी खेळायची मुभा मिळत नाही. हे कठोर वाटेल, पण मी रोज त्या आयांच्या समोर उभी असते.

सातपुडा_पायथा
ताई, तुमच्या वॉर्डातल्या पोरांचं दुःख मी कमी लेखत नाही. पण इतकी वर्षं उपटून, जाळून, शेतकऱ्याला आत टाकून त्या पोरांपर्यंतचा गांजा थांबला का? एका पाड्यावर धाड पडली की उचल देणारा पलीकडच्या पाड्यावर जातो. तुरुंगात गेलेल्याची बायको पोरं घेऊन गुजरातेत मजुरीला जाते. ही शिक्षा चुकीच्या माणसाला होतेय, एवढं तरी मान्य करा.

वाणाबद्दल कृषी पदवीधर जे म्हणतात ते रास्त आहे. मग कृषी विद्यापीठानं चाचणी घ्यावी ना! त्यालाही परवानगी लागते, आणि ती मागायलाच कुणी तयार नाही.

वकील_खंडपीठ
कायद्याचं थोडं सांगतो, कारण इथे दोन्ही बाजू ते सोडून बोलताहेत. विनापरवाना लागवडीला कलम २०(अ) खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. झाड एक असो की हजार. खरा घोळ वजनाचा. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. पानं आणि बिया शेंड्यांसोबत नसतील तर त्या गांजात धरत नाहीत. प्रत्यक्षात पंचनाम्याला काय होतं? ओली झाडं मुळासकट उपटून, बुडख्याला माती तशीच, गोण्यांत कोंबून काट्यावर ठेवतात. खोड, फांद्या, पानं, माती सगळं मिळून आकडा लिहिला जातो. २० किलोच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण, मग कमीत कमी दहा वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ अशक्य. नुसते शेंडे वेगळे मोजले असते तर कित्येक जण याच्या खाली राहिले असते. हेंप येईल तेव्हा येईल, पण पंचनाम्यात शेंडे वेगळे तोलायची सक्ती करायला नवा कायदाही लागत नाही.

नगरवाला
थोडा इतिहास. इंग्रजांच्या काळात आमच्या नगर जिल्ह्यात गांजाची उघड लागवड होत असे. १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज कमिशननं हजारावर साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदी नको, परवाना आणि कर ठेवा, असं सुचवलं. देशभरातली बंदी १९८५ च्या एनडीपीएस कायद्याची, तीही १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दबावातून. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढायला भारतानंच बाजूनं मत दिलं. बाहेर एक आणि घरात एक, असं किती दिवस चालणार?

कपाशीवाला_चोपडा
इतिहास राहू द्या साहेब. मी सरळ कापूस पिकवतो. माझ्या शेजारच्यानं ते लावलं आणि चार महिन्यांत ट्रॅक्टर घेतला, तर माझा पोरगा मला येडा म्हणेल. रात्री अनोळखी मोटरसायकली फिरायला लागल्या की गावातल्या बाया शेतात जायला भितात. ‘बिचारा शेतकरी’ म्हणताना आम्ही पण शेतकरीच आहोत, हे लक्षात ठेवा. मला गांजाचा परवाना नको, हेंपचाही नको. कोरडवाहू तुरीला नि ज्वारीला धड भाव द्या, वेळेवर खरेदी केंद्र उघडा. उचल देणारा मग पाड्यावर फिरकणारच नाही.

वकील साहेब, एक विचारायचं होतं. माझी पाच बिघे जमीन डोंगराकडे आहे, ती बटाईनं दिलीय. मी महिना-महिना तिकडे जात नाही. तिथे कुणी मधे लावलं तर?

वकील_खंडपीठ
दादा, माहीत असून लावू दिलं असं दिसलं तर कलम २५ खाली तुमच्यावरही गुन्हा होतो. कलम ३५ प्रमाणे कोर्ट सुरुवातीलाच ‘तुम्हाला माहीत होतं’ असं धरून चालतं, माहीत नव्हतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. म्हणून बटाईचा करार तोंडी ठेवू नका. कोणतं पीक लावायचं ते त्यात लिहा, दोन साक्षीदार घ्या, आणि पीक उभं असताना एकदा तरी आतल्या ओळींपर्यंत चालत जा. संशयाचं काही दिसलं तर कलम ४६ प्रमाणे लगेच कळवणं हे जमीनधारक म्हणून तुमचं कर्तव्यच आहे. उपटून फेकू नका, आहे तसं राहू देऊन पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. सरपंचांनाही प्रत द्या, कलम ४७ खाली कळवायची जबाबदारी त्यांच्यावरही आहे.