आजारी कासवाला फ्रीझरमध्ये ठेवणे हे दयामरण आहे का?

धागा मांडणारी, धरमपेठ
बारा वर्षे सांभाळलेले माझे रेड इअर्ड स्लायडर कासव गेल्या आठवड्यात गेले. मूत्रपिंडे निकामी झाल्याने पाय इतके सुजले होते की ते कवचात ओढून घेता येत नव्हते. त्या काळात एका दवाखान्यात मला सांगण्यात आले, "थंड रक्ताचा प्राणी आहे, फ्रीझरमध्ये ठेवा, झोपेतच जाईल." हा सल्ला कोणीही मानू नये. गारठ्याने हालचाल थांबते, पण त्यावरून वेदनाही थांबली असे म्हणता येत नाही. अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनाही एवढ्या मोठ्या, शुद्धीवरील प्राण्याला नुसते गोठवून मारणे मान्य नाही.

प्रतिसाद, महाल
ताई, आपले दुःख समजते, पण मत पटले नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी केन टोड या भेकांना (बेडकाच्या जातभाईंना) आधी थंड करून मग गोठवले आणि मेंदूतील विद्युत हालचाल मोजली, तेव्हा त्यांना वेदनेच्या खुणा आढळल्या नाहीत. शिवाय सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर आपल्याकडे मोजकेच आहेत. रात्रभर तडफडू देण्यापेक्षा गारवा बरा.

धागा मांडणारी
भेक लहान आणि ओलसर कातडीचा, तर माझे कासव दीड किलोचे आणि कवचातले. ते आतपर्यंत गार व्हायला कितीतरी जास्त वेळ लागणार. शेवटी ज्यांच्या हातून ते गेले, त्या डॉक्टरांनी उलट त्याला आधी उबेत ठेवले, कारण गार शरीरात औषध नीट पसरत नाही. मग भुलीचे इंजेक्शन दिले. मान सैल पडली, बोट चिमटले तरी पाय हलेना, तेव्हाच पेंटोबार्बिटल हे दयामरणाचे औषध दिले. त्यानंतरही डॉप्लरवर हृदयाचे ठोके बराच वेळ ऐकू येत होते आणि मी घाबरून "ते जिवंत आहे" म्हणाले. सरपटणाऱ्यांचे हृदय मेंदू थांबल्यावरही धडधडत राहते आणि त्यांचा मेंदू कमी प्राणवायूतही तग धरतो, म्हणून ठोक्यांवर विसंबता येत नाही, असे त्यांनी समजावले. गाढ बेशुद्धीची खात्री करून त्यांनी शेवटी मेंदू उपकरणाने निकामी केला. ऐकायला हे क्रूर वाटते, पण प्राणी पुन्हा शुद्धीवर येण्याची शक्यता त्याने संपते.

प्रतिसाद, सदर
माझा आक्षेप पद्धतीला नसून घाईला आहे. नागपूरच्या जानेवारीत माझ्या कासवाने जवळजवळ दीड महिना तोंड उघडले नव्हते आणि घरातले सगळे "आता सोडवा त्याला" म्हणत होते. टाकीवर उबेचा दिवा लावल्यावर आठवड्याभरात ते खाऊ लागले. न खाणारे प्रत्येक कासव मरणपंथाला लागलेले नसते.

धागा मांडणारी
दादा, हे अगदी खरे आहे. म्हणूनच आम्ही दिवा लावून, पंधरा दिवसांच्या अंतराने मूत्रपिंडे बिघडली की रक्तात साचणारे युरिक ॲसिड दोनदा तपासले आणि दुसऱ्यांदाही ते वाढलेलेच निघाल्यावर निर्णय घेतला.

प्रतिसाद, महाल
मोठ्या कासवापुरते आपले म्हणणे मी मान्य करतो. पण चार इंचांच्या पालीला मांजराने फाडले असेल, रात्रीचे दोन वाजले असतील आणि एकही डॉक्टर फोन उचलत नसेल, तर काय करावे, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.