व्हीबी ६ मधलं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर फ्लटरमध्ये न्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर देतो, व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) आणि डेटा साठवायला अ‍ॅक्सेस. हसू नका, पहाटे साडेपाचला किटल्यांची रांग लागते तेव्हा तेच इमानदारीत चालतं. काट्याचं वजन आणि मशीनचं फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) सिरियल पोर्टने, म्हणजे जुन्या पद्धतीच्या केबल जोडणीने, कॉम्प्युटरमध्ये येतं, रेट चार्टवरून दर लागतो, पावती निघते आणि दहा दिवसांनी बिल.

व्हीबी ६ चा सपोर्ट २००८ लाच संपला हे माहितीय, पण रनटाइम (तयार प्रोग्रॅम चालवणारा भाग) विंडोज ११ वर पण चालतोय म्हणून ढकलत आलो. आता मात्र गळ्याशी आलंय. नवीन लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो, यूएसबी कन्व्हर्टर लावला की विंडोज पोर्टला कधी कॉम ४ नंबर देतं कधी कॉम १९, आणि व्हीबी ६ मध्ये पोर्ट वाचणाऱ्या एमएसकॉम कंट्रोलला १६ च्या पुढचं दिसतच नाही, मग सेक्रेटरीचा फोन, आणि मी अंथरुणातून डिव्हाइस मॅनेजर समजावून सांगतोय.

पुतण्या म्हणतो सगळं फ्लटरमध्ये (एकाच कोडवरून मोबाईल आणि विंडोज दोन्हीचे प्रोग्रॅम बनवणारं गूगलचं साधन) लिहा, विंडोज पण होईल आणि शेतकऱ्याला मोबाईलवर पावती पण. फ्लटरची भाषा डार्ट मला येत नाही, शिकेन, पण फ्लटरचा विंडोज सपोर्ट स्टेबल झाला २०२२ मध्ये, आणि सिरियल पोर्टसाठी कुणीतरी लिहिलेल्या पॅकेजवर विसंबायचं म्हणजे जरा धाकधूकच. दुसरा रस्ता मायक्रोसॉफ्टची सी शार्प भाषा आणि विंडोजचे स्क्रीन बनवायला विनफॉर्म्स. तिथे पोर्टचं पॅकेज मायक्रोसॉफ्टचंच आहे, पण मग मोबाईलचं काय? चाळीस संस्था आहेत, एक दिवस जरी संकलन अडलं तरी लोक मला गावात शिरू देणार नाहीत. कुणी असं स्थलांतर केलंय का?

प्रतिसाद: दादा, दोन्ही करा, पण वेगवेगळं. काट्याजवळचा प्रोग्रॅम सी शार्पमध्ये, इंटरनेट नसलं तरी चालणारा. फ्लटर फक्त शेतकऱ्याच्या अ‍ॅपला, ते दोन तास बंद पडलं तरी दूध नासत नाही. आधी एकच संस्था घ्या आणि एक पूर्ण बिल दोन्हीकडे काढून पैशापर्यंत जुळवा. बाकी खरी मेहनत भलतीकडेच आहे. व्हीबी ६ म्हणजे सभासदांची नावं जुन्या फॉन्टमध्ये साठवली असणार ना? नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, तिथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी असते, युनिकोडमध्ये (अक्षरं साठवायची आजची प्रमाण पद्धत) नंतर. रफाराचं बरोबर उलटं.

मूळ लेखक: वेलांटीचं डोक्यातच नव्हतं. आत्ता एका संस्थेचं टेबल उघडून बघितलं, विठ्ठल नावाचेच अकरा सभासद आहेत, अकराही जणांची वेलांटी ‘व’च्या आधी. शिवाजी फॉन्टसाठी कुणाकडे कन्व्हर्टरचा कोड असेल तर प्लीज द्या, तोवर मी एक संस्था निवडतो, सेक्रेटरी शांत स्वभावाचा असेल अशी.