शेजारचा मुलगा मिशनवर गेला आहे. पहिल्या आठवड्यांत आईने त्याला काय सांगावे?

यूटावासी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही चार वर्षांपासून अमेरिकेत यूटामधील ओरेम येथे राहतो आणि आमचे शेजारी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे आहेत. त्यांचा १८ वर्षांचा थोरला मुलगा दोन वर्षांच्या मिशनसाठी, म्हणजे धर्मप्रसाराच्या सेवेसाठी, ब्राझीलमध्ये फोर्तालेझा येथे गेला आहे. इथल्याच प्रोव्हो शहरातील प्रशिक्षण केंद्रात पोर्तुगीज शिकताना तो मजेत होता; परंतु प्रत्यक्ष गावात पोहोचून तीन आठवडे होत नाहीत तोच गेल्या सोमवारच्या व्हिडिओ कॉलवर तो रडू लागला. दिवसभर लोकांचे बोलणे कानावरून निघून जाते, दारे बंद होतात आणि रात्री खोलीतही जोडीदार (मिशनवरची मुले जोडीने राहतात) समोर असल्यामुळे मोकळेपणाने रडता येत नाही, असे तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आमच्याकडे आली. ही मंडळी चहा घेत नाहीत, म्हणून मी कोकम सरबत केले. ती बराच वेळ पेल्यात चमचा फिरवत बसली आणि मग तिने विचारले, "तुमच्याकडे मुले शिकायला लांब ठेवतात, तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगता?" मी अकरावीला लातूरला वसतिगृहात होते, परंतु मला शनिवारी गावची एस.टी. धरता येत असे. तिच्या मुलाला दोन वर्षे घर दिसणार नाही. अशा वेळी तिने त्याला काय सांगावे?

जुना भाडेकरू

प्रोव्होत शिकत असताना माझा खोलीतील सोबती तैवानहून मिशन पूर्ण करून आलेला होता, त्यामुळे थोडे सांगू शकतो. (जाता जाता: २०१८ पासून चर्चनेच 'मॉर्मन' हे नाव टाळण्याचे आवाहन केले आहे, तेव्हा शेजारणीसमोर 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे चर्चचे पूर्ण नाव घेतलेले बरे.)

पहाटे साडेसहाला उठणे, अभ्यास, मग दिवसभर पायपीट, साडेदहाला दिवे बंद, हे सर्वांना ठाऊक असते. मुलांना जड जाते ते वेगळेच. प्रशिक्षणात प्रार्थना आणि धर्मवचने परक्या भाषेत पाठ होतात, रोजचे बोलणे होत नाही. माझा सोबती सांगत असे की, त्याला मँडरिन चिनीमध्ये देवाची करुणा भाकता येत होती, परंतु केस किती कापायचे हे न्हाव्याला सांगता येत नव्हते. पहिल्याच आठवड्यात जवळजवळ तुळतुळीत डोके घेऊन तो बाहेर पडला. शिवाय छातीवरच्या काळ्या पट्टीवर चर्चच्या नावाबरोबर 'एल्डर' (मिशनवरच्या पुरुषांची उपाधी) आणि आडनाव असते, पहिले नाव नसते. महिनोन्महिने कोणी पहिल्या नावाने हाक मारत नाही, हे त्याला सर्वांत जास्त लागले होते. जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचे नाही असा नियम आहे, आणि तो जोडीदार आपण निवडलेला नसतो.

एक दिलासा मात्र आहे. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन करण्याची मुभा फक्त नाताळ आणि मातृदिनाला असे. आता दर आठवड्याला बोलता येते.

दप्तरखाना

या मुलाच्या आईला बहुधा ठाऊक असलेली एक गोष्ट आठवली. पुढे चर्चचे अध्यक्ष झालेले गॉर्डन हिंक्ली १९३३ मध्ये मिशनसाठी इंग्लंडमध्ये प्रेस्टनला पोहोचले, तेव्हा ते २३ वर्षांचे होते. तब्येत बरी नव्हती आणि कोणी ऐकून घेत नव्हते, म्हणून आपण येथे स्वतःचा वेळ आणि तुमचे पैसे वाया घालवत आहोत, असे त्यांनी वडिलांना लिहिले. वडिलांचे उत्तर अगदी त्रोटक होते: स्वतःला विसर आणि कामाला लाग. तेथून आपले आयुष्य बदलले, असे हिंक्ली शेवटपर्यंत सांगत असत.

मला मात्र त्याहून जुनी हकिकत अधिक भावते. पुढे चर्चचे अध्यक्ष झालेल्या जोसेफ एफ. स्मिथ यांना १८५४ मध्ये हवाईला पाठवले, तेव्हा ते १५ वर्षांचे होते, आणि आईवडील दोघेही हयात नव्हते. तेथे ते तापाने अंथरुणाला खिळले, तेव्हा एका हवाईयन स्त्रीने त्यांची पोटच्या मुलासारखी शुश्रूषा केली. अनेक दशकांनी ते पुन्हा हवाईला गेले असता तीच बाई, आता अंध आणि थकलेली, 'इओसेपा' (जोसेफचे हवाईयन रूप) अशी हाक मारत हातात काही निवडक केळी घेऊन त्यांना भेटायला आली होती.

आपल्याकडचाही एक धागा आहे: १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश एल्डर मुंबईत उतरले, पुढे पुण्यात राहिले आणि मराठीशी झटले. श्रोते मात्र थोडेच मिळाले.

समुपदेशक

वरील प्रतिसाद वाचनीय आहे, परंतु 'स्वतःला विसर' हे वाक्य या आईच्या हाती देऊ नये, असे मला कळकळीने वाटते. ज्याच्या बाबतीत ते लागू पडले त्याचीच कथा पुढे सांगितली जाते. मुदतीआधी परतलेली मुले माझ्याकडे येत असत, आणि त्यांच्यापैकी कित्येकांना मिशनमधल्या त्रासापेक्षा परतल्यावर रविवारी सभागृहात शिरणे अधिक कठीण गेले होते. तिसऱ्या आठवड्यात रडू येणे स्वाभाविक आहे. लक्ष ठेवावे ते झोप आणि जेवण यांवर. ती बिघडली आणि तशीच राहिली, तर मिशनच्या अध्यक्षांशी सरळ बोलावे. घराजवळ राहून करायचे सेवा मिशनही असते, हे अनेक आयांच्या लक्षात येत नाही. बाकी, प्रोत्साहनाची भाषणे त्याला दिवसभर ऐकायला मिळतच असतील.

यूटावासी

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचा प्रतिसाद मी तिला इंग्रजीत सांगितला. काल सोमवार होता आणि कॉलच्या वेळी तिने मला मुद्दाम बोलावले होते. तिने 'परत ये' म्हटले नाही आणि 'धीर धर' असेही म्हटले नाही. त्याला पहिल्या नावाने हाक मारली आणि विचारले, "तू आणि तुझा जोडीदार भात कसा करता? पाणी किती घालता?" जोडीदार ब्राझीलचाच आहे, तो आधी लसूण परततो, मग तांदूळ, परवा खाली लागला आणि पातेले घासण्याची पाळी याच्यावर आली, हे सांगायला त्या मुलाने पंधरा मिनिटे घेतली.