कातारीकाकांचं काम ४ बाय ५ इंची फिल्मवर टिपायचंय (परभणी), सल्ला हवा

दुधना:
नमस्कार. परभणीत आमच्या ओळखीचे एक कातारीकाका आहेत. लाटणी, ताक घुसळायच्या रव्या, पाळण्याचे खांब, पोरांचे भोवरे, सगळं खरादावर कातून देतात. आपल्यानंतर हे काम घरात कुणी धरणार नाही, असं ते स्वतःच सांगतात. म्हणून मला ते घाईघाईत मोबाईलवर नाही, तर मोठ्या शीट फिल्मवर नीट नोंदवून ठेवायचंय.

लाकडी फील्ड कॅमेरा, १५० मिमीची लेन्स, इलफर्ड एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म आणि चार होल्डर (फिल्म ठेवायच्या बंद चौकटी, प्रत्येकीत दोन शीट) आहेत, म्हणजे एका वेळी आठ शीट. दुकान पत्र्याचं, खोल, अंधारं. पूर्वेला एकच दार. काका खाली बसून काम करतात, खराद मोटरवर चालतो. गती गोठवू की हलू देऊ? फ्लॅश लावू का? आणि वैशाखातल्या उन्हात फिल्मचं काय करू?

काळापांढरा:
हलू द्या. कातून गोल झालेलं लाकूड फिरताना अर्ध्या सेकंदालासुद्धा स्थिरच दिसतं, कारण गोल वस्तू आपल्याच जागी फिरत असते. फोटोत मोटर बंद असल्यासारखं वाटेल. फिरणं दिसतं ते लाकूड चौकोनी असताना. तेव्हा कोपऱ्यांचा धूसर पडदा तयार होतो आणि आतला भरीव गाभा त्यातून दिसतो. तो क्षण धरा.

शटरनं गोठवणं तसंही अवघड आहे. मिनिटाला हजार फेरे धरले, तर ५ सेंमीच्या चौकोनी तुकड्याचा कोपरा १/५०० सेकंदातही सुमारे ७ मिमी सरकतो. त्याला फ्लॅशच लागेल. लेन्समधल्या पात्यांच्या शटरला फ्लॅश कुठल्याही वेगावर चालतो, ती अडचण नाही. पण दारातून येणारा उजेड फ्लॅशनं मारला, तर ते दुकान त्या दुकानासारखं राहणार नाही. माझं मत फ्लॅशच्या विरोधात.

सकाळी दाराजवळ ४०० आयएसओला (फिल्मची संवेदनशीलता) एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप) आणि १/८ सेकंदाच्या आसपास उजेडाची मोजणी येईल असं वाटतं. सावलीतलं मोजा, दाराबाहेरचं ऊन फ्रेममध्ये घेऊ नका. आत खोलवर चार सेकंद मोजणी आली, तर एचपी५ला सहा सेकंद द्या, कारण लांब वेळेला फिल्म मंद पडते. इलफर्डचं सूत्र वेळेचा १.३१ घात असं आहे. एक सेकंदापर्यंत काही वाढवायची गरज नाही.

सिंदफणा:
आमच्या घरी आजोबांपर्यंत हेच काम होतं, म्हणून सांगायलो. ताई, फ्लॅश लावायचाच असंल तर आधी काकांना एकदा चमकवून दाखवा. पटाशी लाकडाला लागलेली असताना डोळ्यासमोर अचानक उजेड आला तर पटाशी अडकते अन् हाताला लागतं. तुमची ओढणी, कॅमेऱ्यावरचं काळं कापड, केबल, काहीच मोटरच्या पट्ट्याजवळ जाऊ देऊ नका.

अन् वर ज्यांनी चौकोनी लाकडाचं सांगितलं ते बरोबर हाय. ते कानानं कळतं. लाकूड चौकोनी असतं तवर पटाशी खटखट वाजते, गोल व्हायला लागलं की आवाज सलग होतो. आवाज बदलायच्या आत शटर दाबा. त्यात लई वेळ मिळत नाही, म्हणून काकांना सांगून चार-पाच तुकडे आधीच बाजूला काढून ठेवायला लावा. त्या तुकड्यांचे पैसे मात्र द्या, त्यांचा दिवस मोडतो.

दुधना:
आवाजाचं माझ्या कधीच लक्षात आलं नसतं, खूप आभार. फ्लॅश नाही लावत. एक राहिलं: होल्डर घातल्यावर कॅमेऱ्यामागच्या फोकसच्या काचेवर काही दिसत नाही आणि काका पुढे-मागे झुकतात. चेहरा आणि हात दोन्ही धारदार कसे मिळतील?

बालाघाट:
दोन्ही प्रत्येक वेळी मिळणार नाहीत, म्हणून आधी ठरवा. माझ्या मते हात. दोन मीटरवरून १५० मिमी लेन्सला एफ/८वर जेमतेम २८ सेंमी खोली धारदार राहते. चेहरा हलतो, पण पटाशी टेकवायची पट्टी जागची हलत नाही आणि हात तिला सोडून जात नाहीत. फोकस त्या पट्टीवर करा. खराद तिरका दिसत असेल तर लेन्सची पाटी थोडी स्विंग करा (डावी-उजवीकडे वळवा), म्हणजे फोकसची पातळी खरादाच्या लांबीवरून जाईल. काका कामावर वाकले की चेहराही बऱ्याचदा त्या पातळीच्या जवळ येतो. तिपाई बुटकी ठेवा, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. उभ्यानं खाली बघून काढलेला फोटो मला अशा कामाचा मान ठेवणारा वाटत नाही.

नुसत्या हातांचा फोटो ६० सेंमीवरून घ्याल तेव्हा भाता (लेन्स आणि फिल्ममधला घड्यांचा भाग) २०० मिमीपर्यंत ओढावा लागेल. तिथे उजेड जवळजवळ एक स्टॉप (म्हणजे जवळपास दुप्पट) वाढवून द्या, हे विसरलं तर निगेटिव्ह पातळ येतील.

भुसा फार असेल. होल्डर रात्री घरी भरा, झिपच्या पिशवीत न्या आणि स्लाइड (फिल्मवरची सरकती झाकणपट्टी) ओढायच्या आधी बाहेरून ब्रशनं झटका. स्लाइड सावकाश ओढा. कोरड्या हवेत झटक्यानं ओढली की विद्युतभार तयार होऊन धूळ चिकटते. फिल्मची पेटी दुचाकीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका, ओल्या पंचात गुंडाळलेल्या थर्मोकोलच्या डब्यात ठेवा.

डेव्हलप करताना नळाचं पाणी फार गरम निघतं. माठातलं पाणी घ्या आणि गरज पडली तर बाहेरून बर्फ. २० अंशाला आठ मिनिटं असतील, तर २४ अंशाला साधारण साडेपाच धरा. त्याहून गरम झालं आणि वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली, तर डेव्हलपर आणखी पातळ करा, नाहीतर आकाशासारख्या सपाट भागात डाग उमटतात. तुमच्या फोटोत तो भाग म्हणजे दुकानाची मागची भिंत.