व्हायव्हॅक्स आणि प्लेटलेट २८ हजार : गंभीर मलेरिया म्हणायचा का?

रात्रपाळी, म्हापसा
पावसाळ्यात बांधकामावरचे कामगार ताप घेऊन भरती होतात, स्लाइडवर (काचपट्टीवरच्या रक्ततपासणीत) बहुतेक व्हायव्हॅक्स, म्हणजे मलेरियाच्या परजीवीचा एक प्रकार. प्लेटलेट २८ हजार ऐकलं की बरोबरचे लोक रक्तपेढी गाठतात. उलट ताप उतरलेला एखादा तिसऱ्या दिवशी धापा टाकायला लागतो. गंभीर नेमका कुठला? रात्री काय बघायचं? आर्टेसुनेट (गंभीर मलेरियाचं इंजेक्शन) कशात विरघळवायचं यावरही वॉर्डात वाद आहे.

फिजिशियन, मडगाव
सिस्टर, नुसत्या कमी प्लेटलेटला गंभीर म्हणत नाहीत. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट चढवायची गरज सहसा पडत नाही, उपचार लागू पडले की त्या आपसूक वाढतात. म्हणून व्हायव्हॅक्स सौम्यच, असंही धरू नका. शुद्ध हरपणे, २४ तासांत दोनपेक्षा जास्त झटके, आधाराशिवाय बसताही न येणे, वरचं बीपी ८० च्या खाली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) ३ च्या वर, मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली : यातलं एक असलं तरी गंभीर, परजीवी कुठलाही असो.

बरळणारा पेशंट दिसला की आधी ग्लुकोमीटर. साखर ४० च्या खाली असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) १०० मिली शिरेतून, १५ मिनिटांनी परत बोट टोचा, पुढे दर चार तासांनी. क्विनाइन (मलेरियाचं जुनं औषध) चालू असेल तर इन्सुलिन वाढून साखर पुन्हा पडते.

तिसऱ्या दिवशीच्या धापेचं कारण फुप्फुसात उतरलेलं पाणी. स्लाइड स्वच्छ झाल्यावरही हे होतं, आणि सढळ हाताने सोडलेलं सलाइन त्यात भर घालतं. श्वास मिनिटाला ३० च्या वर, ऑक्सिजन ९२ च्या खाली : ड्रिप थांबवा, उशाकडची बाजू उचला, ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना उठवा. लघवी दर तासाला मोजा. ६० किलोच्या माणसाला ३० मिलीच्या खाली गेली की मूत्रपिंडाकडे लक्ष. कोकमाच्या आगळासारखी गडद झाली तर तांबड्या पेशी फुटताहेत.

फार्मासिस्ट, फोंडा
वाद मिटवतो. ६० मिग्रॅच्या कुपीत आधी सोबतचं १ मिली बायकार्बोनेट, द्रव नितळ होईपर्यंत हलवा. गढूळ राहिला तर फेकून द्या. मग शिरेसाठी ५ मिली सलाइन, म्हणजे मिलीला १० मिग्रॅ. नुसतं इंजेक्शनचं पाणी घालतात, तिथेच चूक होते. डोस किलोला २.४ मिग्रॅ : ६० किलोला १४४ मिग्रॅ, १४.४ मिली, तीन कुप्या. २० किलोच्या आतल्या मुलाला किलोला ३ मिग्रॅ. हळू बोलस द्या (सिरिंजने थेट शिरेत), ड्रिपमध्ये मिसळू नका, तासाभरात वापरा. ०, १२ आणि २४ तासांना, मग रोज एक. किमान तीन डोस झाल्यावर, तोंडाने घेता आलं की तीन दिवसांचा पूर्ण एसीटी (आर्टेमिसिनिन गटातलं औषध आणि जोडीला दुसरं, अशा गोळ्या) कोर्स.

लॅब, पणजी
फॅल्सिपॅरमची (मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीची) रॅपिड टेस्ट बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहते, तेव्हा उतार मोजायला स्लाइडच, दर १२ तासांनी. आर्टेसुनेटनंतर १ ते ४ आठवड्यांत हिमोग्लोबिन पुन्हा घसरू शकतं. ७, १४, २१ आणि २८ व्या दिवसाच्या तारखा डिस्चार्ज कागदावर आणि कामगाराच्या हेल्थ कार्डावरही लिहा. तोवर त्याची साइट बदललेली असते, कागद हरवतो, कार्ड खिशात राहतं.

रात्रपाळी, म्हापसा
आणि गरोदर बाई असली तर?

फिजिशियन, मडगाव
गंभीर असेल तर कुठल्याही महिन्यात आर्टेसुनेटच, पूर्ण डोस. साखर जास्त वेळा तपासा. प्रायमाक्विन (व्हायव्हॅक्स पुन्हा उलटू नये म्हणून देतात ती गोळी) मात्र नाही.