मदत हवी आहे: एक्सेलमध्ये बिल वाटताना १८ रुपयांचा घोळ

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, मी कॉमर्सचा नाही आणि कॉम्प्युटरवाला तर त्याहून नाही, सोसायटीच्या मीटिंगला उशिरा पोचलो आणि माझ्या गैरहजेरीत मला खजिनदार करून टाकलेलं होतं. आमच्या विंगमध्ये १८ फ्लॅट आहेत आणि उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. मे महिन्याचं बिल आलं १४,५०० रुपये. भागिले १८ केलं तर ८०५.५५५५ असं पाच-पाच संपतच नाही. आधीचे खजिनदार सरळ राउंड करून ८०६ घ्यायचे, पण ते केलं की जमा होतात १४,५०८, म्हणजे ८ रुपये जास्त, आणि आमच्याकडे एक रिटायर्ड बँकवाले काका आहेत ते त्या ८ रुपयांवर अर्धा तास बोलू शकतात. पैशात वाटून पण बघितलं, ८०५.५५ घेतले तर १० पैसे कमी पडतात आणि ८०५.५६ घेतले तर ८ पैसे जास्त.

मग भाच्याने फोनवर एक आयडिया सांगितली की क्वोशंट फंक्शनने पूर्ण भागाकार काढ, तो येतो ८०५, मॉड फंक्शनने बाकी काढ, ती येते १०, आणि पहिल्या १० फ्लॅटना एक-एक रुपया जास्त लाव. १० जण ८०६ चे, ८ जण ८०५ चे, टोटल बरोबर १४,५००! काका पण गप्प. मी खूश.

आता प्रॉब्लेम. जूनमध्ये कळलं की एका टँकरचे २,००० रुपये दोनदा लागले होते, ते परत मिळाले. मी त्याच शीटमध्ये बिलाच्या जागी उणे २,००० टाकलं, म्हटलं सगळ्यांचं आपोआप वजा होईल. झालं पण, फक्त टोटल आली उणे १,९८२. १८ रुपये गायब! फॉर्म्युला एका अक्षराने बदललेला नाही, मेचं बिल परत टाकलं की उत्तर परत बरोबर येतं. मी तीनदा बघितलं, मग बायकोला दाखवलं, ती म्हणाली तुमचे फ्लॅट किती, १८ ना, मग हा योगायोग नाहीये. तिथपर्यंत आमची गाडी आलीय, पुढे जात नाही. भाचा परीक्षेत आहे, फोन उचलत नाही. रविवारी मीटिंग आहे, कुणीतरी सांगा काय चुकतंय.

(फॉर्म्युल्यांची नावं मराठीत लिहिलीत, मोबाईलवर सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो, समजून घ्या.)

प्रतिसाद – रिकामटेकडा

१८ रुपये मी यूपीआय करतो भाऊ, विषय संपवा.

प्रतिसाद – नाइलाजाने खजिनदार

अहो पैशाचा प्रश्न नाही, ताळा लागत नाही हा प्रश्न आहे. उद्या २०,००० परत आले तर?

प्रतिसाद – खडूफळा

दादा, तुमच्या मिसेसचं बरोबर आहे. मी चौथीला गणित शिकवते, मुलांकडून रोज घोकून घेते की भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी. आता तुमचे आकडे त्यात टाका. भाजक १८, क्वोशंटने दिला असेल उणे १११, त्यांचा गुणाकार उणे १,९९८. आता मॉडने किती दिली ते शीटमध्ये बघून सांगा, माझ्या अंदाजाने १६ आली असेल. उणे १,९९८ अधिक १६ म्हणजे उणे १,९८२. तेच ना?

प्रतिसाद – नाइलाजाने खजिनदार

ताई, १६ च आहे!! पण उणे १,९९८ पासून उणे २,००० ला अजून २ पाहिजेत, मग बाकी २ यायला हवी ना, १६ कुठून आली?

प्रतिसाद – रात्रपाळीचा कोडर

ताईंनी रोग पकडलाय, कारण मी सांगतो. उणे २,००० भागिले १८ म्हणजे उणे १११.११. संख्यारेषेवर हा आकडा उणे ११२ आणि उणे १११ च्या मध्ये बसतो, आणि पूर्णांक घ्यायचा म्हटलं की दोन रस्ते आहेत. एक, पॉइंटनंतरचं कापून फेकून द्या, उणे १११ उरतो. दुसरा, नेहमी डावीकडचा म्हणजे लहान पूर्णांक घ्या, तो उणे ११२. बिल अधिक असेल तेव्हा दोन्ही रस्ते ८०५ लाच पोचतात म्हणून मे महिन्यात काही कळलं नाही. पहिल्या रस्त्याने गेलात तर बाकी उणे २, दुसऱ्याने गेलात तर बाकी १६, कारण उणे २,०१६ अधिक १६ म्हणजे उणे २,०००. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच आहेत.

घोळ असा की एक्सेलचं क्वोशंट पहिल्या रस्त्याने जातं आणि मॉड दुसऱ्या. तुम्ही भागाकार एका घरचा घेतला आणि बाकी दुसऱ्या घरची. दोन भागाकारांत १ चा फरक, तो १८ फ्लॅटना लागला, झाले १८ रुपये. प्रत्येकाला एक-एक रुपया कमी परत केलात तुम्ही.

उपाय सोपा आहे, क्वोशंट काढून तिथे इंट लावा, म्हणजे बिल भागिले १८ चा इंट. इंट फंक्शन दुसऱ्या रस्त्याने जाऊन लहान पूर्णांक देतं, म्हणजे इंट आणि मॉड एकाच घरचे. १६ फ्लॅटना १११ परत आणि शेवटच्या दोघांना ११२, टोटल बघा.

आमच्याकडे प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये पण हीच बोंब आहे बरं का. पायथनमध्ये दोन स्लॅश देऊन भागलं तर उणे ११२ आणि बाकी १६ येते, सी आणि जावामध्ये उणे १११ आणि बाकी उणे २. सी मध्ये तर १९९९ च्या स्टँडर्डआधी उणे आकड्यांचं काय करायचं ते कंपायलरवर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामवर, सोडलेलं होतं. एका भाषेतलं कोड दुसऱ्या भाषेत उतरवताना मी दोन रात्री याच्यात घालवल्यात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

प्रतिसाद – खडूफळा

हो, आणि आम्ही पोरांना शिकवतो ती बाकी म्हणजे शून्य किंवा जास्त आणि भाजकापेक्षा लहान. त्या नियमात १६ बसते, उणे २ बसत नाही. एक्सेलचं मॉड चौथी पास आहे म्हणायचं.

प्रतिसाद – सोळा आणे

अवांतर आहे, पण राहवत नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. तिघांत रुपया वाटला की प्रत्येकी पाच आणे चार पै, बाकी शून्य. आताचे १०० पैसे तिघांत वाटून दाखवा. तुमच्या १८ फ्लॅटना मात्र १९२ पण जात नाही, त्यामुळे तेव्हाही काकांनी तुम्हाला सोडलं नसतं.

प्रतिसाद – नाइलाजाने खजिनदार

इंट लावला, टोटल आली बरोबर उणे २,०००!! ताई, कोडरभाऊ, मनापासून आभार. सोळा आणेवाले काका, तुमची आमच्या बँकवाल्या काकांशी गाठ घालून द्यायला पाहिजे.

आता शेवटचं एक. दर वेळी पहिल्याच १० फ्लॅटना जादा रुपया लागतोय, त्यात १०१ वाल्या वहिनी आत्ताच म्हणाल्या, आम्ही तळमजल्यावर राहतो हा गुन्हा आहे का. पुढच्या बिलाला ११ व्या फ्लॅटपासून सुरू करता येईल का? हाताने बदलायला लागलो तर मी नक्की चुकणार.

प्रतिसाद – रात्रपाळीचा कोडर

येईल. फ्लॅटना १ ते १८ अनुक्रमांक द्या. एका सेलमध्ये आतापर्यंत लागलेल्या जादा रुपयांची बेरीज ठेवा, म्हणजे मेनंतर तिथे १०. आता प्रत्येक फ्लॅटचा अनुक्रमांक वजा १ वजा ती बेरीज, याचा १८ ने मॉड घ्या, आणि तो या वेळच्या बाकीपेक्षा लहान असेल तरच एक रुपया जादा. समजा पुन्हा बाकी १० आली, तर ११ ते १८ आणि मग १ आणि २ असे दहा जण येतील, त्याच्या पुढच्या वेळी ३ पासून.

पहिल्या फ्लॅटला मॉडच्या आत उणे १० जातंय बघा, आणि मॉड त्याचे ८ करून देतं म्हणून हे चालतं. हेच सी मध्ये लिहिलं असतं तर उणे १० तसाच राहिला असता आणि पहिल्या दहा फ्लॅटना परत जादा रुपया लागला असता.

प्रतिसाद – नाइलाजाने खजिनदार

चाललं! फक्त आता जादा रुपया १८ नंबरच्या काकांना लागणार आहे. रविवारी काय होतं ते सांगतो.