मदत हवी आहे: टॉवेलचे पैसे लंडनमध्ये अडकले, बॅरिस्टर कसा नेमायचा?
सोलापुरातून टेरी टॉवेलचे दोन कंटेनर लंडनला गेले, ९० दिवसांच्या डीए अटीवर (खरेदीदाराने हुंडी, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे देण्याचा लेखी आदेश, स्वीकारली की मालाची कागदपत्रं त्याला मिळतात, पैसे ९० दिवसांनी). खरेदीदार कंपनीने हुंडी स्वीकारली, माल सोडवला, मुदतीत पैसे दिले नाहीत. आता ती गोदाम विकायला काढतेय. स्वीकारलेली मूळ हुंडी बँकेत आहे. ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात पतविमा नाही, करारात न्यायक्षेत्राची (वाद कुठल्या देशाच्या कोर्टात चालवायचा याची) अट नाही. नोटीस, स्मरणपत्रं झाली. इथे एकतर्फी हुकूमनामा घेतला तरी प्रतिवादी हजर न झाल्यास १९३३ च्या ब्रिटिश कायद्याखालची, परदेशी निकाल तिथे अंमलात आणण्यासाठीची नोंदणी रद्द होऊ शकते. म्हणून थेट लंडनमध्येच हुंडीवर दावा आणि मालमत्ता गोठवण्याचा आदेश हवाय. त्यासाठी प्रतिवादीच्या संभाव्य नुकसानीची हमी द्यावी लागते, तेवढी तयारी आहे. वसुलीतला बॅरिस्टर (कोर्टात बाजू मांडणारा वकील) पब्लिक अ‍ॅक्सेसने, म्हणजे सॉलिसिटरशिवाय थेट, आधी फक्त लेखी मतासाठी नेमून सॉलिसिटर (दाव्याचं कामकाज चालवणारा वकील) नंतर घेतला तर चालतं का, की या घाईत दोघं एकदमच लागतात?